नायट्रेट पिकाला हवे, विहिरीला नको

बेळगावकडच्या निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या भागांत अनेक ठिकाणी उसाच्या मळ्यातली विहीरच घरच्या पिण्यालाही वापरली जाते. युरियापासून बनलेले नायट्रेट तिच्यात झिरपले तर ते पाणी लहान बाळांना घातक ठरू शकते. म्हणून उसाला युरिया घालणाऱ्या प्रत्येकाने विहिरीतील नायट्रेट तपासून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

नायट्रेट हा नत्राचा (नायट्रोजनचा) एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू मिळून झालेला ऋणभारित आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण आहे. त्याचे बहुतेक सर्व क्षार पाण्यात सहज विरघळतात, आणि मातीच्या चिकणकणांवरही ऋणभारच असल्याने माती त्याला धरून ठेवत नाही. युरियापासून आधी जो अमोनियम तयार होतो तो धनभारित असल्याने मातीला चिकटून राहतो. परंतु जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि मुळांनी ते वेळेत उचलले नाही तर पाटपाण्याबरोबर ते खाली झिरपते. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते. ते सगळे नायट्रेट होऊन पाण्यात उतरले, तर सुमारे २० लाख लिटर शुद्ध पाणी पिण्याच्या मर्यादेपर्यंत नेण्यास ते एक पोते पुरेसे आहे. म्हणून लावणीच्या उसाला एकदम मोठा हप्ता देण्यापेक्षा ठिबकातून थोडा थोडा युरिया द्यावा, आणि पाटाने पाणी देणाऱ्यांनी खत टाकल्यावर सरी तुडुंब भरू नये.

अथणीकडच्या द्राक्षबागांत पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३-०-४५ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), आणि कॅल्शियम नायट्रेट थेट वापरतात. कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या खताबरोबर एकाच टाकीत कालवू नये, कारण न विरघळणारा साका तयार होऊन ड्रिपर तुंबतात. नायट्रेट खते ज्वलनाला ऑक्सिजन पुरवतात. त्यामुळे द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणलेली गंधकाची भुकटी, डिझेल आणि कडबा यांच्याजवळ त्यांची पोती मुळीच ठेवू नयेत. पोटॅशियम नायट्रेट, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणालाच बंदुकीची दारू म्हणतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा घ्यावा. मोटर पाच-दहा मिनिटे चालू ठेवावी, प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी, तिच्यावर विहिरीचे नाव व तारीख लिहावी आणि ती बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी. बाटली उन्हात राहिली तर जिवाणूंमुळे आकडा बदलतो. रंग बदलणाऱ्या चाचणीपट्टीने घरीही अंदाज घेता येतो, मात्र पट्टी वेष्टनावर दिलेल्या वेळेलाच रंगतक्त्याशी ताडून पाहावी.

अहवाल कानडीत असो वा इंग्रजीत, आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधील नत्राचा, हे आधी पाहावे. नत्राच्या आकड्याला ४.४३ ने गुणले की नायट्रेट मिळते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. त्यात सवलत नाही. नत्राचा १० हा आकडा बघून निर्धास्त झालेली माणसे मी पाहिली आहेत, प्रत्यक्षात ते पाणी मर्यादेवर आलेले असते.

मर्यादेबाहेरचे पाणी उकळू नये, कारण पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहून अधिक दाट होते. कॅंडलचा फिल्टर, तुरटी, क्लोरीन किंवा यूव्ही यांनी ते निघत नाही; आरओने किंवा ॲनायन रेझिनने (ऋणभारित आयन धरून ठेवणाऱ्या मण्यांनी) निघते. सहा महिन्यांखालील बाळाचे वरचे दूध अशा पाण्यात कधीही कालवू नये. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होऊन ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवते आणि बाळ ओठांभोवती निळसर दिसू लागते. तसे दिसताच दवाखाना गाठावा.

हेच पाणी उसाला मात्र उपयोगी आहे. लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर अशा प्रत्येक लाख लिटर पाण्यातून शेताला सुमारे दोन किलो नत्र मिळते. वर्षभरात किती पाणी दिले याचा हिशेब मांडून तेवढे नत्र युरियाच्या मात्रेतून वजा करावे.