नागपूरहून मुंबईत विमान बदलून परदेशी जाताना : घरून निघण्याआधीची तयारी

अर्धी तयारी तिकीट काढतानाच करायची असते. यवतमाळ, चंद्रपूर किंवा गडचिरोलीकडचे आईबाबा मुलाकडे परदेशी निघाले की बहुतेक वेळा नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून तिथे विमान बदलावं लागतं, आणि घोळ होतो तो त्या बदलण्यातच. म्हणून पैसे भरण्याआधी पाहा, की दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, आहेत ना. एकच पीएनआर असला आणि नागपूरचं विमान उशिरा पोचून पुढचं हुकलं, तर दुसऱ्या विमानात जागा देणं कंपनीची जबाबदारी असते. तिकिटं वेगवेगळी असली तर पुढची कंपनी तुम्हाला गैरहजर धरते आणि पैसे बुडतात. सामानातही फरक पडतो. एका पीएनआरवर परदेशी तिकिटाचं वजन बहुधा नागपूरपासूनच धरतात. वेगळ्या तिकिटावर नागपूर ते मुंबई साधारण १५ किलोच, वरच्या प्रत्येक किलोचे पैसे काउंटरवर मोजावे लागतात. दोन-चार हजार वाचतात म्हणून एजंट अशी तिकिटं जोडून देतात. ती घेऊ नका. घ्यावीच लागली तर आदल्या दिवशी मुंबईत पोचा.

एका पीएनआरवरही मधे किमान चार तास ठेवा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता-उतरवता येत नाहीत. दुपारी साचलेला उशीर रात्रीपर्यंत पुढे सरकत जातो. पावसाळ्यात तो वाढतो, आणि दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं. म्हणून नागपूरहून सकाळचं विमान बरं. टर्मिनलही तपासा : परदेशी विमानं सहारच्या टी-२ वरून सुटतात, पण देशातली काही विमानं सांताक्रूझकडच्या टी-१ ला उतरतात. मग सामान घेऊन बाहेर या, रस्त्याने पलीकडे जा, पुन्हा तपासणी, यात दीड-दोन तास सहज जातात.

कागदपत्रांत नाव आधी पाहा. पासपोर्टवर गणपत आणि तिकिटावर गणपतराव, एवढ्यानेही अडवतात. दुरुस्ती काउंटरवर होत नाही, दोन-तीन दिवस आधी कंपनीकडून करून घ्या. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरलेली असावी. तिकीट, व्हिसा आणि मुलाचा पत्ता-फोन यांच्या छापील प्रती जवळ ठेवा. मोबाइलची बॅटरी ऐनवेळी संपते. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकिटावरच नोंदवा, निदान ४८ तास आधी. टी-२ मध्ये चालणं फार आहे, तिथे संकोच करू नका.

बॅग भरताना सगळ्यात जास्त चुका खाण्याच्या वस्तूंत होतात. खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत आणि मोठ्या बॅगेतही नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. लोणचं आणि तूप मोठ्या बॅगेत, झाकणाला टेप लावून, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. सावजी मसाला देताना त्यात खसखस आहे का ते विचारा : दुबई-अबुधाबीला आणि सिंगापूरला खसखस आणायला बंदी आहे, आणि वाटलेल्या मसाल्यातली खसखसही खसखसच. खर्रा, तंबाखूची पुडी घरीच ठेवा. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. संत्री नेऊ नका, ताजी फळं कितीतरी देशांत काढून घेतात. अडकित्ता, विळी, कात्री मोठ्या बॅगेत. पॉवरबँक मात्र उलट, फक्त हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत राहिली तर ती बॅग बाजूला काढून तुम्हाला उघडायला बोलावतात. २०,००० एमएएचपर्यंतची (म्हणजे तिची साठवणक्षमता) चालते, फक्त तिच्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातात. वजन घरीच काट्यावर करा, आणि एकच बॅग ३२ किलोच्या वर जाऊ देऊ नका. पैसे भरूनही ती घेत नाहीत.

निघण्याची वेळ उलटी मोजा. विमान सकाळी ८ ला असेल तर काउंटर ७ ला बंद, म्हणजे ६ ला सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, हजर. यवतमाळ किंवा चंद्रपूर साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे गाडीला तीन-साडेतीन तास, वर पंक्चरला एक तास. रात्री दीडला निघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी नागपूरला मुक्काम केलेला परवडतो. इतक्या पहाटे मेट्रोच्या भरवशावर राहू नका.

काउंटरवर बॅगेला कागदी पट्टी (टॅग) लावली की तिथेच उभं राहून तिच्यावरची विमानतळाची तीन अक्षरं वाचा. लंडनच्या हीथ्रोला जायचं आणि पट्टीवर एलएचआरऐवजी मुंबईचं बीओएम दिसलं, तर बॅग मुंबईतच सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर येणार. दोन्ही बोर्डिंग पास तिथेच मागा. मुंबईत टी-२ लाच उतरलात तर ‘इंटरनॅशनल ट्रान्सफर’ची पाटी धरून चला, गर्दीमागे बाहेर पडू नका. मुंबई-दिल्लीला प्रत्येक विमानासाठी पुकारा होत नाही. गेट ऐनवेळी बदलतं, म्हणून दर पंधरा मिनिटांनी फलक बघा. गेट विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच बंद होतं, आंतरराष्ट्रीय उड्डाणाला त्याहूनही आधी.

परतताना एक गोष्ट उलटी होते, आणि तिथेच बॅगा मागे राहतात. पट्टीवर नागपूरचं एनएजी असलं तरी मुंबईत, काउंटरवर वेगळं सांगितलं नसेल तर, बॅग पट्ट्यावरून स्वतः उचलायची, कस्टममधून न्यायची आणि पुढे पुन्हा जमा करायची. बॅग आलीच नाही तर हॉलमधून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बॅग फुटली असेल तर लेखी दाव्याला ७ दिवस, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवस असतात. बोर्डिंग पासावर चिकटवलेली बॅगेची पावती तोवर फेकू नका.