पुरुषोत्तमची ऑडिशन घेताना

पुरुषोत्तम करंडक ही पुण्यातली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. तिची प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये असते. म्हणजे जूनअखेर, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑडिशन उरकलीच पाहिजे. तेव्हा कॉलेज नीट सुरूही झालेलं नसतं, इंजिनिअरिंगचे पहिल्या वर्षाचे प्रवेश तर अजून चालूच असतात, आणि मग घाईघाईत गेल्या वर्षीचीच टीम पुन्हा उभी केली जाते. माझं कॉलेज सुटून बरीच वर्षं झाली, पण दर पावसाळ्यात नवी मुलं फोन करतात, ‘ताई, ऑडिशनला बसशील का?’ मी जाते. तिथे बसून जे कळलं ते इथे लिहिते आहे. ज्यांना यंदा पहिल्यांदाच टेबलाच्या या बाजूला बसायचं आहे, त्यांच्यासाठी.

महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही स्पर्धा घेते. गेली अनेक वर्षं प्राथमिक फेरीत ५१ संघ असतात आणि अंतिम फेरीत ९. २०२२ साली अंतिम फेरीतल्या एकाही एकांकिकेला करंडक दिला गेला नाही. हे सांगते, कारण बऱ्याच टीम ऑडिशनच्या वेळीच ‘भरतला काय चालतं’ (भरत म्हणजे स्पर्धा जिथे होते ते भरत नाट्य मंदिर) हे डोक्यात ठेवून माणसं निवडतात. मोठा आवाज, झटकन रडू शकणारी मुलगी, हशा वसूल करणारा मुलगा. तुमची संहिता काय मागते आहे, तेवढंच बघा.

आधी फॉर्म

नाव, वर्ग आणि नंबर घेऊन फॉर्म संपवू नका. हे विचारा: राहता कुठे, होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, परतीची शेवटची बस कोणती, प्रॅक्टिकल कोणत्या वारी, बॅकलॉग आहे का, पार्टटाइम नोकरी आहे का. हे नकार देण्यासाठी विचारायचं नाही, तालमीची वेळ ठरवण्यासाठी विचारायचं. गेट साडेनऊला बंद होत असेल आणि तालीम अकरापर्यंत चालणार असेल, तर चांगल्या मुली दुसऱ्या आठवड्यात गळतात आणि वर ‘मुली सिरियस नसतात’ असं ऐकवलं जातं. तालीम आठला संपवा, नाहीतर सांस्कृतिक विभागाच्या सरांकडून होस्टेलसाठी पत्र घ्या. ते पत्र ऑडिशनच्या आधी हातात हवं.

एक रकाना घरच्या बोलीचा ठेवा आणि एक वाद्य, गाणं, चित्रकला, सुतारकाम अशा गोष्टींचा. पुढे फिरोदिया करंडक या दुसऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला हाच रकाना उपयोगी पडतो, कारण तिथे नाटकात जितक्या कला गुंफाल तितक्या हव्याच असतात. बॅकस्टेज करायला आवडेल का, हेही विचारा. तो प्रश्न अभिनयाच्या खाली, बारीक अक्षरात टाकू नका.

वाचायला काय द्यायचं

गाजलेल्या नाटकातलं स्वगत अजिबात देऊ नका. मुलांनी ते यूट्यूबवर पाहिलेलं असतं आणि तुमच्यासमोर त्या नटाची नक्कल येते. स्वतः लिहिलेला एका पानाचा प्रवेश द्या, दोघांचा, साध्या बोलीतला. मी बरेचदा हा तुकडा वापरते:

तो: किल्ली कुठंय?
ती: तुझ्याकडे होती.
तो: काल तुला दिली मी.
ती: काल मी इथे नव्हते.

बस, चार ओळी. पहिल्यांदा काहीच न सांगता वाचू द्या. बहुतेक जण ‘काल मी इथे नव्हते’ या वाक्यावर जोर देतात, तेव्हा तिच्याकडे बघू नका. त्याच्याकडे बघा. ते वाक्य त्याच्या कानावर पडलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर लगेच कळतं. काही जण आपलं वाक्य संपलं की कागदात डोकं घालून पुढची ओळ शोधतात. काहींचा श्वास अर्धा सेकंद अडकतो. असा श्वास अडकणारा मुलगा आवाजाने कितीही बारीक असो, त्याचं नाव लिहून ठेवा. आवाज सहा आठवड्यांत बसवता येतो. ऐकायची सवय तेवढ्या वेळात लागतेच असं नाही.

मग एक सूचना द्या आणि पुन्हा करायला लावा. ‘तुला ठाऊक आहे की किल्ली तुझ्याच खिशात आहे.’ किंवा, ‘बाहेर रिक्षा थांबलीय.’ माझ्या दृष्टीने खरी ऑडिशन ही दुसरी वेळ. पहिली छान होऊन दुसरी जशीच्या तशी झाली, तर दिग्दर्शकाला त्या नटाबरोबर काम करणं जड जाईल. पहिली अडखळती होऊन दुसऱ्या वेळी काहीतरी खरंच बदललं, तर दुसऱ्या फेरीला बोलवा.

बोलीबद्दल आग्रहाने सांगते. परभणीकडून आलेला एक मुलगा ‘मी आपल्याला सांगू इच्छितो’ अशा मराठीत ताठ उभा राहून बोलत होता. पुण्यात असंच बोलायचं असतं, असं कुणीतरी त्याच्या मनात भरवलं होतं. त्याला म्हटलं, कागद ठेव, घरी आईशी बोलतोस तसं बोल, आणि रात्री लाइट आल्यावर मोटर चालू करायला शेतात कसा जातोस ते सांग. त्याने बॅटरी कुठल्या हातात धरतो, बांधावर पाय कसा टाकतो, स्टार्टरचं बटण दाबल्यावर पाइपात पाणी येईपर्यंत कान कसा लावून उभा राहतो, ते सगळं करून दाखवलं. खोलीत कुणी हललं नाही. त्या वर्षीच्या एकांकिकेत तसं पात्र नव्हतं. लेखकाने ते लिहिलं.

खोली आणि माणसं

मोठा हॉल घेऊ नका, माइक तर नकोच. बाकं मागे सरकवून रिकामा केलेला वर्ग पुरतो. सहा-आठ जणांना एकत्र आत घ्या आणि एकमेकांचं बघू द्या. टेबलाशी तिघं असावेत: दिग्दर्शक, लेखक आणि बॅकस्टेजचा प्रमुख. गुण देत बसू नका. प्रत्येकाबद्दल एक वाक्य लिहा. रात्री चर्चेला बसल्यावर ‘साडेसहा’ या आकड्यावरून कुणाचाच चेहरा आठवत नाही, ‘हसताना मान खाली घालते’ यावरून लगेच आठवतो.

कुणाला रडून दाखवायला लावायचं नाही, शरीरावरून बोलायचं नाही, पहिल्याच भेटीत अंगाला हात लावायचे खेळ घ्यायचे नाहीत. ‘नाटकात लाज सोडावी लागते’ असं म्हणून सीनियर जे करतात त्याला रॅगिंग म्हणतात. असं काही चाललेलं दिसलं, तर तिथल्या तिथे ऑडिशन थांबवा.

बॅकस्टेजचीही ऑडिशन घ्या

पुरुषोत्तमचा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर आहे, म्हणून बॅकस्टेजला उरलेली मुलं टाकायची पद्धत पडली आहे. ती मोडा. लाइटसाठी आलेल्याच्या हातात मोबाइलचा टॉर्च द्या, कुणाला तरी चार ओळी वाचायला लावा आणि सांगा, ‘नव्हते’ या शब्दानंतर पाच आकडे मोजत तळहाताने उजेड झाकत आण. काही जण शब्दाच्या आधीच झाकतात. एखादी मुलगी वाचणाऱ्याचा श्वास संपेपर्यंत थांबते आणि मग हात हलवते. तिला डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं काम, द्या. म्युझिकसाठी हेच, फक्त टॉर्चच्या जागी टाळी. सेटवाल्यांना बाकं घड्याळ लावून, न बोलता लावायला सांगा. कोण नुसत्या सूचना देतं आणि कोण उचलायला वाकतं, ते तिथेच दिसतं.

दुसरी फेरी आणि यादी

दुसऱ्या फेरीला खऱ्या संहितेतले प्रवेश घ्या आणि जोड्या सतत बदला. अमुक मुलगा कुणाबरोबर खुलतो, हे एकट्याला बघून कळत नाही. शेवटच्या वर्षाला आहे म्हणून मोठी भूमिका, हा हिशोब यादीत आणू नका. भूमिका त्याच दिवशी जाहीरही करू नका. आठवडाभर सगळ्यांनी सगळं वाचायचं, मग ठरवायचं. ऑडिशनच्या नोंदी जपून ठेवा. आंतरविद्यापीठीय युवा महोत्सवात एकांकिका ३० मिनिटांची आणि ९ कलाकारांची असते, स्किट १० मिनिटांचं आणि ६ जणांचं. त्या टीम याच वहीतून निघतात.

लेखकाचं परवानगीपत्र आणि संहितेला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ही कामं यादी लागताच एकाच माणसावर सोपवा, आणि तो नट नसावा. लॉट्सना, म्हणजे प्रयोगाचा क्रम ठरवणाऱ्या चिठ्ठ्या काढायला, कोण जाणार तेही तेव्हाच ठरवा.

ज्यांची नावं यादीत नाहीत, त्यांना बोर्डावरून कळता कामा नये. प्रत्येकाला फोन करा. ‘नाही’ हा शब्द आधी, मग वहीतलं ते एक वाक्य वाचून दाखवा आणि पुढच्या तालमी बघायला बोलवा. यातले काही खरंच येऊन कोपऱ्यात बसतात. त्यांना प्रॉम्प्टिंग, म्हणजे तालमीत विसरलेली ओळ सांगायचं काम, द्या. ऐन वेळी एखादा नट तापाने आडवा झाला, तर अख्खी संहिता पाठ असलेला माणूस तुमच्याकडे हवाच.

पहिल्या वाचनाला सगळ्यांना पेन्सिल आणायला सांगा, पेन नको. संहिता शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहते.