विणीच्या नोंदी कशा कराव्यात?

पक्ष्यांच्या विणीची नोंद करण्यासाठी कोल्हापूरकराला राधानगरीच्या जंगलापर्यंत जाण्याची गरज नाही. रंकाळा, कळंबा तलाव, शिवाजी विद्यापीठाचा परिसर किंवा उसाच्या फडाकडेची एखादी विहीर यांपैकी एकच जागा निवडावी. मात्र कामधंदा सांभाळून आठवड्यातून एकदा तरी तेथे जाणे जमेल याची आधी खात्री करावी, कारण दहा ठिकाणी एकेकदा डोकावण्यापेक्षा एकाच ठिकाणी दहा वेळा गेल्याने घरटे तडीस गेले की वाया गेले हे कळते.

सोबत दुर्बीण, वही आणि शिसपेन्सिल असावी. पावसात शाई पसरते. नोंदी पाठवण्यासाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेले ई-बर्ड हे पक्षिनोंदींचे संकेतस्थळ भारतातही सर्रास वापरले जाते. तेथे यादीतील पक्ष्यापुढे विणीचा संकेत निवडता येतो आणि हे संकेत शक्य, संभाव्य व निश्चित अशा चढत्या पायऱ्यांचे असतात. विणीच्या हंगामात दयाळ पक्ष्याचा नर शेंड्यावर बसून गात असेल तर वीण केवळ शक्य आहे. योग्य अधिवासात जोडी दिसली तर ती संभाव्य. चोचीत अळ्या धरून तो पुन्हा पुन्हा एकाच ढोलीत शिरत असेल तर ती निश्चित. नवख्यांची चूक बहुधा येथेच होते: ते जे पाहिले त्याऐवजी जे वाटले ते लिहितात. खंड्याच्या चोचीत मासा दिसला म्हणून पिल्ले आहेतच असे नाही, तो स्वतःही गिळू शकतो.

सुगरणीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पाऊस लागून गवत वाढले की विहिरीवरच्या बाभळीवर नर खोपे विणू लागतात. उसाच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडून ते त्याची लांब चिरफळी ओढून काढतात. खोपा अर्धा झाला, म्हणजे उलट्या टोपीसारखा दिसू लागला, की मादी येऊन तपासणी करते आणि तिला पसंत पडला तरच नर खालची नळी पूर्ण करतो. नापसंत खोपे तसेच लोंबकळत राहतात. म्हणून खोप्यांचा आकडा हा जोड्यांचा आकडा समजू नये; अर्धे किती, नळीचे किती आणि मादी ये-जा करताना कितींवर दिसली, हे तीन आकडे वेगळे लिहावेत.

टिटवीच्या बाबतीत अधिक जपावे लागते. ती उघड्या जमिनीवर साधारणपणे चार अंडी घालते आणि ती खड्यांमध्ये इतकी मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला की आपण फार जवळ आलो असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. एकदा घरटे पुन्हा सापडावे म्हणून मी शेजारी तीन दगड रचून ठेवले होते. पुढच्या खेपेला अंडी नव्हती. ती कोणी नेली हे सांगता येणार नाही, पण तेव्हापासून मी खूण वहीतच करतो: विजेच्या खांबापासून इतकी पावले, बांधाच्या कोणत्या बाजूला.

फांदी वाकवणे, आडोशाची पाने छाटणे, छायाचित्रासाठी पिल्लांना हलवणे हे कटाक्षाने टाळावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना त्रास देण्याचाही समावेश आहे. घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

प्रत्येक भेटीनंतर तारीख, वेळ, थांबलेली मिनिटे आणि पाहिलेली हालचाल त्याच दिवशी भरावी. काहीच दिसले नाही तरीही भेट नोंदवावी. घरटे कोणत्या आठवड्यात रिकामे झाले याचा अंदाज अशाच भेटींवरून बांधता येतो.

हंगाम सरल्यावर खोपा उतरवून दिवाणखान्यात टांगण्याचा मोह अनेकांना होतो. तो तेथेच राहू द्यावा. सुगरणींनी सोडलेल्या खोप्यांत मुनिया मुक्कामाला येतात, कधी वीणही करतात, आणि त्यासाठी वहीत दोन पाने कोरी ठेवावी लागतात.