पार्किन्सन्सवाल्या माणसाचं घरी जी करते, तिला मदत कशी करायची

पार्किन्सन्स, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) असलं काही झालेलं माणूस आपल्याकडे गोव्यात घरीच असतं, आणि त्याचं सगळं करणारी बहुतेक एकच असते, बायको, सून नाहीतर लग्न न झालेली मुलगी. पुरुषही करतात, पण मोजकेच. हे तिच्यासाठी लिहीत नाहीये, तिला वाचायला वेळ कुठला. हे आहे वास्कोतल्या नणंदेसाठी, दुबईतल्या दिरासाठी आणि समोरच्या शेजारणीसाठी.

आधी "काही लागलं तर सांग हं" म्हणणं बंद करा. ती सांगणार नाही, कारण सांगायचं तर आधी आठवायचं, मग शब्द जुळवायचे, मग तुम्हाला जमेल की नाही याचा अंदाज घ्यायचा, त्यापेक्षा स्वतःच केलेलं बरं असं तिला वाटतं. त्याऐवजी वार आणि वेळ तुम्ही ठरवा. "वहिनी, दर शुक्रवारी ९ ते १२ मी बसते काकांजवळ, तू म्हापश्याला बाजारात जा नाहीतर झोप." एखाद्या दिवशी येऊन दिवसभर बसण्यापेक्षा दर आठवड्याचे दोन-तीन तास जास्त उपयोगाचे, कारण मग तिला बँक, दाताचा डॉक्टर, माहेर, काहीही त्यात बसवता येतं. आणि ती गेली कुठे, केलं काय, हे विचारू नका प्लीज.

पण बसायच्या आधी एक-दोनदा ती असताना जाऊन शिकून घ्या. गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या, लेव्होडोपाची (पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची) गोळी अर्धा तास जरी उशिरा गेली तरी काही जणांचं अंग आखडतं, आणि मासे-अंडी-डाळ भरपूर असलेल्या जेवणाबरोबर ती दिली तर काहींना नीट लागू पडत नाही, म्हणून वेळ त्यांच्या डॉक्टरने सांगितलेलीच. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं. चालताना दारात पाय चिकटल्यासारखे होतात, जुन्या घरांत तर प्रत्येक दाराला उंबरठा, तिथे हाताला धरून ओढू नका, माणूस पडेल. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग "एक, दोन, तीन" म्हणा नाहीतर जमिनीवर एक रेघ दाखवून ती ओलांडा म्हणा, बऱ्याचदा पाय उचलला जातो. भरवताना ताठ बसवा, टीव्ही बंद करा, माशाचे काटे दोनदा तपासा. सोलकढी, पाणी, चहा अशा पातळ गोष्टींनी ठसका लागत असेल तर ते "वयामुळे" म्हणून सोडू नका, गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला दाखवायला हवं.

रात्रीचं कुणाच्या लक्षात येत नाही. कूस बदलता येत नाही, चार-चारदा लघवीला उठतात, काही जण झोपेत ओरडतात, हातपाय मारतात. करणारीची झोप जाते आणि मग बाकी सगळं तिथूनच बिघडतं, कंबर, बीपी, चिडचिड. भाऊ-बहिणींपैकी कुणी जवळ राहत असेल तर महिन्यातून एखादी रात्र घ्या. ते अजिबात जमत नसेल तर रात्रपाळीच्या बाईचे पैसे वाटून घ्या, आणि वाटून म्हणजे दर महिन्याच्या १ तारखेला तिच्या खात्यात गेले पाहिजेत, तिला मागायला लावायचे नाहीत.

लांब राहणाऱ्यांनी कागदपत्रं घ्यावीत, हे काम फोनवरून होतं आणि तिला सगळ्यात कंटाळा याचाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात पार्किन्सन्स आणि एमएस दोन्ही येतात, तेव्हा सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज तुम्ही दुबईत बसूनही भरू शकता. गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना (दरमहा मदत) लागू होते का ते बघा, दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड रिन्यू झालंय का ते बघा (तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख). दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांचं किंवा त्यावरचं असेल तर टॅक्समध्ये सूट असते, पण जुन्या रेजिममध्येच, सीएला विचारा.

बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) न्यायचं असेल तर नंबर लावायला सकाळी दुसरं कुणीतरी जा. घरी माणूस कसं चालतं, हात कधी थरथरतात याचा मोबाईलवर छोटा व्हिडिओ घेऊन ठेवा, ओपीडीत पोचेपर्यंत गोळी चढलेली असते आणि डॉक्टरला सगळं छानच दिसतं. फाईलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा की उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, त्याने पार्किन्सन्स वाढतो, आणि कॅज्युअल्टीत घाईत हेच दिलं जाऊ शकतं. आणि कुणी सांगितलं म्हणून खाजकुयलीच्या बियांची पावडर घेऊन येऊ नका. तिच्यात लेव्होडोपा नैसर्गिकच असतो, म्हणजे गोळ्यांच्या वर आणखी डोस, न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही.

आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. वर्षभर कुणी नाही आणि चवथीला मूळ घरी पंचवीस माणसं, माटोळी (गणपतीवर फळं-पानं बांधायची चौकट), पातोळ्या, आणि आजारी माणसाच्या गोळ्यांच्या वेळा तर देव बदलत नाही. मला याचा खरंच राग येतो. येणाऱ्यांनी आधीच वाटून घ्या, एकाने आजारी माणसाचं, एकाने स्वयंपाक, एकाने भांडी, आणि जी वर्षभर करते तिने फक्त बसायचं. तिच्यासमोर "किती बारीक झाले गं ते" असं म्हणायचं नाही, तिला ते तिच्यावरचं बोट वाटतं.

या सगळ्याला डॉक्टरच लागतो असं नाही. गोव्यातच डिमेन्शियावाल्यांच्या ८१ कुटुंबांचा एक अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला, त्यात गावातल्याच साध्या, थोडं ट्रेनिंग घेतलेल्या लोकांनी निम्म्या घरी जाऊन आजार समजावला, ऐकून घेतलं, सरकारी योजना सांगितल्या, बाकीच्यांकडे सहा महिन्यांनी गेले. पहिल्या घरांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला. तेव्हा तुम्ही जाऊन तासभर नुसतं ऐकलंत, सल्ला न देता, तरी ते काम आहे.

तिचं स्वतःचं बीपी, शुगर वर्षातून एकदा तुम्ही करून आणा. ती "आता मी पण मरून गेले तर सुटेन" असं बोलली तर हसण्यावारी नेऊ नका, जवळ बसून सरळ विचारा, आणि टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ नंबर लावून द्या, फुकट आहे, २४ तास चालतो.

आणि शुक्रवारी तुम्हाला जमणार नसेल तर गुरुवारी सकाळीच कळवा आणि बदली माणूसही तुम्हीच शोधा, ते तिच्यावर टाकू नका.