जुन्या काळासारखी लांब स्नूकर मॅच लावायचीय? अशी लावा

आपल्याकडे पार्लरला गेलं की दोन नाहीतर तीन फ्रेम (म्हणजे एकेक डाव) होतात, हरेल तो टेबलचे पैसे देतो आणि सगळे खाली कटिंग प्यायला. ते छानच आहे, पण एकदा तरी दोघांनी ठरवून मोठी मॅच खेळा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये प्रोफेशनल वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल खेळायचे तशी. आम्ही दोघा मित्रांनी दादरला एका पार्लरमध्ये अशी मॅच पूर्ण केली आणि त्यातून जे हाती लागलं ते सगळं इथे लिहितोय.

आधी मूळ गोष्ट काय होती ते बघा. 1946 ची फायनल जो डेव्हिस आणि ऑस्ट्रेलियाचा होरेस लिंड्रम यांच्यात लंडनला झाली, 145 फ्रेमची, दोन आठवडे चाललेली. जो डेव्हिस 78-67 ने जिंकला आणि त्यानंतर त्याने वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळणंच सोडलं, 1927 पासून जेवढ्या झाल्या तेवढ्या सगळ्या जिंकून. पुढची आठ वर्षं फायनलला दोन माणसं समोरासमोर, जोचा धाकटा भाऊ फ्रेड डेव्हिस आणि स्कॉटलंडचा वॉल्टर डोनाल्डसन.

आता 78-67 हा स्कोर नीट बघा. 145 मध्ये 73 झाल्या की मॅच जिंकली ना? मग 78 कुठून आले? तर मॅच ठरली तरी उरलेल्या फ्रेम खेळायचेच, कारण शेवटच्या दिवसापर्यंत लोक तिकीट काढून येणार असायचे. अशा फ्रेमना डेड फ्रेम म्हणतात. 1950 ला ब्लॅकपूलमध्ये डोनाल्डसन 97 फ्रेममध्ये 51-46 ने जिंकला, तिथेही गरज 49 चीच होती. आपल्या मॅचमध्ये हा नियम अजिबात सोडायचा नाही, का ते पुढे सांगतो.

फ्रेम किती ठेवायच्या? जुना हिशोब सोपा आहे, दुपारी 6 संध्याकाळी 6, म्हणजे दिवसाला 12, बारा दिवसांच्या 144 आणि वर एक, झाल्या 145. पुढे 1952 ला फायनल 73 ची होती, तीही सहा दिवस अधिक एक. नोकरी करणाऱ्या माणसाने याच्या निम्म्याने जावं, 37 फ्रेम. तीन वीकेंड, शनिवार-रविवार एकेक सेशन (म्हणजे एक बैठक), सेशनला 6 फ्रेम, आणि शेवटच्या सेशनला 7. आपल्यासारख्यांची एक फ्रेम आरामात अर्धा तास खाते, त्यामुळे सेशनला तीन-साडेतीन तास धराच. घरी आधी सांगून ठेवा, तीन शनिवार-रविवार म्हणजे लग्नं, मुंजी, साखरपुडे सगळं बघूनच तारखा काढाव्या लागतात.

टेबलच्या बाबतीत मात्र हट्ट धरा, सगळे सहा सेशन एकाच टेबलवर आणि एकाच बॉल सेटवर झाले पाहिजेत. आमचं पहिलं बुकिंग एका क्लबने आयत्या वेळी दुसऱ्या टेबलवर ढकललं, त्या टेबलच्या कुशन (कडेचं रबर) एवढ्या वेगळ्या होत्या की आधी खेळलेल्या 6 फ्रेमला अर्थच उरला नाही, शेवटी पार्लर बदललं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मालकाशी तीन आठवड्यांचं एकदम बोलून घ्या, एकरकमी पैसे दिले तर बहुतेक जण थोडं कमी करतात. आणि जून ते सप्टेंबर शक्यतो नकोच, मुंबईच्या पावसात कापड ओल धरतं, बॉल जड चालतो, दुपारी एक स्पीड आणि रात्री दुसरा. खेळायचंच असेल तर एसी कायम चालू असलेली जागा बघा. सेशनच्या आधी मार्करला (टेबल सांभाळणाऱ्या माणसाला) सांगून टेबल ब्रश करून घ्या, इस्त्री करत असतील तर तीही, दोन्ही बॉल्ककडून (जिथून खेळ सुरू करतो त्या बाजूने) ब्लॅकच्या, म्हणजे काळ्या बॉलच्या, दिशेने, म्हणजे कापडाची लव जिकडे पडते तिकडे. बॉल ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा, खडूचा डाग राहिला की किक बसते (बॉल आदळताना उसळून भलतीकडे जातो) आणि मग पूर्ण सेशन डोक्यात तेच.

दोघांच्या खेळात फार फरक असेल तर हँडिकॅप ठेवा (कच्च्या खेळाडूला दर फ्रेमला आधीच काही पॉइंट द्या), यात कमीपणा काही नाही. त्या काळात न्यूज ऑफ द वर्ल्ड नावाची मोठी स्पर्धा व्हायची तीच हँडिकॅपवर, आणि खुद्द जो डेव्हिस समोरच्याला पॉइंट देऊन खेळायचा. फक्त पहिल्या फ्रेमच्या आधी आकडा ठरवा आणि 37 व्या फ्रेमपर्यंत त्याला हात लावू नका.

आता खेळायचं कसं. इथे मला डोनाल्डसनचा खेळ सगळ्यात जास्त शिकवून गेला. 1947 ची फायनल, लीस्टर स्क्वेअर हॉल, सगळ्यांना वाटलेलं जो डेव्हिस नाही म्हणजे फ्रेडच जिंकणार, आणि हा माणूस 82-63 ने जिंकला. मोठमोठे ब्रेक (एका पाळीत सलग केलेले पॉइंट) काढून नाही, लांबचे पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालणं) पक्के आणि बाकी वेळ घट्ट सेफ्टी (समोरच्याला सोपा बॉल न ठेवणारा खेळ). तीन फ्रेमच्या मॅचमध्ये आपण नशिबावर मारतो आणि कधीकधी लागतं, 37 फ्रेममध्ये ते लागत नाही, तिसऱ्या सेशनपर्यंत हिशोब चुकता होतो. म्हणून एक साधा नियम पाळा, पॉट दहापैकी सहा-सातदा जाणारा नसेल तर व्हाइट (पांढरा बॉल) बॉल्कच्या कुशनला चिकटवून परत आणा. हा एकच शॉट, लाल गुच्छाला पातळ लागून तीन कुशनवरून परत, मॅचच्या आधी रोज अर्धा तास मारा, ब्रेकची प्रॅक्टिस कमी झाली तरी चालेल.

चष्मा असेल तर त्याचीही सोय आधीच बघा. फ्रेड 1937 ला नजर कमी झाल्यामुळे पहिल्याच राउंडला हरला होता, मग त्याने वाकल्यावरही नीट दिसेल असा काच फिरणारा चष्मा करून घेतला आणि तो लावून वर्ल्ड चॅम्पियन झाला. आपल्या साध्या फ्रेमची वरची कड वाकलं की नेमकी नजरेच्या आड येते, मी ऑप्टिशियनकडून उंच काचेची फ्रेम करून घेतली आणि लांबच्या पॉटमध्ये फरक लगेच कळला.

डेड फ्रेमचं सांगायचं राहिलं. चार सेशननंतर मी 8-16 ने मागे होतो, पाचवं सेशन 4-2 जिंकलो, 12-18 झालं, आणि शेवटच्या दिवशी पहिलीच फ्रेम गेली, 12-19, संपलं. मित्र म्हणाला चल जेवायला जाऊ. मी म्हटलं नाही, सहा फ्रेम राहिल्यात, बस. त्या सहापैकी चार मी घेतल्या, 16-21 वर मॅच थांबली, आणि माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा ब्रेक, 58, त्याच सहामधला. हरलेल्या माणसाच्या हातातला ताण गेलेला असतो आणि जिंकलेल्याला उरलेल्या फ्रेम फुकट घालवायला लाज वाटते, त्यामुळे खेळ उलट चांगलाच होतो.

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक फ्रेमचे पॉइंट, एकूण स्कोर, 30 च्या वरचे ब्रेक, आणि सेशन संपल्यावर दोघांच्या सह्या. मोबाइलमध्ये ठेवू नका, वही पार्लरच्या काउंटरवर राहिली की दुसऱ्या टेबलवरची पोरं येऊन स्कोर बघतात, चौथ्या सेशनला आमच्याभोवती सात-आठ जण उभे होते आणि एक म्हातारे काका तर दर रविवारी खुर्ची धरून बसायचे, त्यांनी विल्सन जोन्सना खेळताना पाहिलेलं. जोन्स 1958 ला कलकत्त्यात बिलियर्ड्सचे वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियन झाले, आणि तेव्हा तिकडे इंग्लंडमध्ये स्नूकरची प्रोफेशनल चॅम्पियनशिप बंद पडली होती, 1957 नंतर थेट 1964 ला परत सुरू झाली. काकांना हे सांगितलं तर ते खूश होऊन मार्करलाही सांगत सुटले.

शेवटचं सेशन सातचं असतं हे विसरू नका, त्या दिवशी एक तास आधी सुरू करा. आम्ही नेहमीच्या वेळेला बसलो, 37 वी फ्रेम रंगांवर आली (लाल संपून फक्त रंगीत बॉल उरले) तेव्हा बारा वाजत आले होते, आणि मित्राला शेवटची कर्जत गाठायला दादर स्टेशनपर्यंत क्यूची केस घेऊन पळावं लागलं.