ब्रँचवरून हेड ऑफिसचं टॅली कसं वापरायचं

हेड ऑफिस पुण्यात, ब्रँच सांगलीला आणि दोघांची बिलं एकाच टॅलीत हवीत, असं असेल तर कृपा करून टॅलीचा डेटा फोल्डर व्हीपीएनवरून (इंटरनेटमधून दोन ऑफिस जोडणारी खासगी, सुरक्षित लाइन) शेअर करून ब्रँचच्या पीसीवर उघडू नका. ऑफिसच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) चालतं म्हणून बरेच जण तेच करायला जातात, पण लांबून प्रत्येक व्हाउचरला फाइलची ये-जा होते, एंट्री सेव्ह व्हायला वेळ लागतो आणि मधेच नेट गेलं तर डेटा करप्ट व्हायची भीती. टॅली हेड ऑफिसच्या सर्व्हरवरच चालू दे, ब्रँचवाल्यांनी रिमोट डेस्कटॉपने (लांबचा पीसी आपल्या स्क्रीनवर चालवायची विंडोजची सोय) तिथं लॉगिन करायचं, लाइनवरून फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड-माउस जातं. ब्रँचची लाईट गेली तरी सेशन तिकडे चालूच असतं, परत जोडलं की अर्धवट व्हाउचर होतं तसं समोर.

यासाठी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट मात्र उघडू नका, रॅन्समवेअरवाले (डेटा लॉक करून खंडणी मागणारे) दिवसरात्र तोच शोधत असतात. आधी व्हीपीएन, मग त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप. वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सोपंही.

फक्त त्याआधी दोन्हीकडचे आयपी बघा. बहुतेक राउटर १९२.१६८.१ नाहीतर १९२.१६८.० वरच येतात, दोन्हीकडे सारखंच असेल तर ब्रँचच्या पीसीला सर्व्हर आपल्याच खोलीत आहे असं वाटतं आणि पॅकेट बाहेर जातच नाही. ब्रँचचं १९२.१६८.२० करून टाका, पण तिथल्या प्रिंटरला, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला आयपी हाताने दिलेला असेल तर तोही बदलावा लागेल.

स्टॅटिक (न बदलणारा) आयपी फक्त हेड ऑफिसला घ्या. राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यातलं काही दिसलं तर तो पब्लिक आयपी नाही, म्हणजे बाहेरून तिथं पोहोचता येत नाही, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या पीसीकडे वळवणं) करून काही उपयोग होणार नाही, प्रोव्हायडरशी बोला. ब्रँचला तसा असला तरी चालतं कारण कनेक्शन तिकडून सुरू होतं, तिथल्या वायरगार्डमध्ये कीपअलाइव्ह (लाइन जिवंत ठेवणारा सिग्नल) २५ सेकंद ठेवा. हेड ऑफिसच्या राउटरवर वायरगार्डचा यूडीपी ५१८२० पोर्ट सर्व्हरकडे वळवा. वायरगार्डमध्ये हँडशेक (दोन्ही टोकं जुळल्याची खूण) दिसतोय पण पिंग लागत नाही, तर विंडोज फायरवॉल पिंग अडवत असेल, सरळ रिमोट डेस्कटॉप लावून बघा.

सर्व्हरच्या पीसीवर विंडोज होम असेल तर रिमोट डेस्कटॉपने त्यात लॉगिन करता येत नाही, प्रोवर एका वेळी एकच माणूस, जास्त जण असतील तर विंडोज सर्व्हर आणि त्याचे आरडीएस (रिमोट डेस्कटॉपचे) लायसन्स घ्यावे लागतात. टॅली सिल्व्हरही एकाच युजरचं, तेव्हा अनेक युजरच्या गोल्डचा खर्च आधीच धरा.

बिल ब्रँचच्या प्रिंटरवर निघायला हवं, त्यासाठी रिमोट डेस्कटॉपच्या लोकल रिसोर्सेसमध्ये प्रिंटरवर टिक करा, डॉट मॅट्रिक्स असेल तर त्याचा ड्रायव्हर सर्व्हरवरही टाका आणि खऱ्या बिलाच्या कागदावर एक प्रिंट काढून बघा, लाइन कुठं सरकते ते तिथंच कळतं. आणि हे सगळं २० तारखेनंतर करा, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला थ्री-बी असतं, त्या गडबडीत अकाउंटंटची सिस्टीम हलवू नका.