आधी गाळा, मग ॲसिड: पाण्याच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून पाण्याच्या लॅबमध्ये येणाऱ्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, आयसीपीवर (पाण्यातले धातू मोजणाऱ्या मशीनवर) कधी बसायला मिळणार?" सुरुवातीला हातात येतो तो चिमटा आणि ४७ मिलिमीटर व्यासाचा मेम्ब्रेन फिल्टर, म्हणजे बारीक छिद्रांची पातळ गोल चकती. तोंड पाडू नका. मशीन समोर येईल ते मोजतं. त्याच्यासमोर काय जाणार, ते या फिल्टरपाशी ठरतं.

कोल्हापुरात हे काम शिकायला पावसाळ्यासारखा काळ नाही. घाटमाथ्यावरची लोहाने भरलेली तांबडी माती पंचगंगेत उतरलेली असते आणि बाटली तासभर ठेवली तरी तळाशी गाळ बसतो. अशा पाण्यातलं विरघळलेलं लोह मोजायचं, तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि मग नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणायचा. क्रम उलटा झाला की ॲसिड मातीच्या कणांतलंच लोह सोडवतं आणि रिपोर्टात ते विरघळलेलं म्हणून छापून येतं. एकूण लोह हवं असेल, तर मात्र न गाळताच ॲसिड.

बोअरच्या पाण्याचं नेमकं उलटं. काढताना काचेसारखं स्वच्छ, पण हवा लागली की थोड्या वेळात पिवळट. विरघळलेलं लोह गाळ होऊन बसलेलं असतं. हे पाणी लॅबमध्ये आणून गाळलं तर लोह फिल्टरवर राहतं आणि आकडा कमी येतो. म्हणून बोअरवरच सिरिंज फिल्टरने गाळा, तिथेच ॲसिड घाला आणि लेबलवर 'जागेवर गाळले' असं वेळेसकट लिहा. 'लॅबमध्ये गाळले' असेल तर तेही लिहा, लाज वाटायचं कारण नाही.

आता हाताची गोष्ट. डबीत दोन मेम्ब्रेनच्या मध्ये रंगीत कागद असतो, बऱ्याचदा निळा. तो फक्त मेम्ब्रेन वेगळे ठेवण्यासाठी. नवीन माणूस हमखास तोच फनेलवर बसवतो आणि पाणी का उतरत नाही म्हणून पंपाला शिव्या घालतो. मेम्ब्रेन कडेलाच धरायचा. चौकटी छापलेल्या असतील तर ती बाजू वर. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) साधा मेम्ब्रेन पाण्याला वाट देत नाही, पाण्यासाठी पाणी ओढून घेणाऱ्या प्रकारचाच मागवा. पहिले काही मिलिलिटर टाकून द्या आणि त्याच डबीतल्या फिल्टरमधून शुद्ध पाणी गाळून ब्लँक, म्हणजे तुलनेचं कोरं सॅम्पल, ठेवा. ब्लँकमध्ये जस्त दिसलं, तर नदीला दोष देण्याआधी फिल्टर आणि ॲसिडकडे बघा.

गढूळ पाण्याने फिल्टर चोंदला की पंपाचा जोर वाढवायचा मोह होतो. नको. साचलेला थरच चाळणी बनतो, ०.४५ पेक्षा बारीक कणही अडतात. सरळ नवा मेम्ब्रेन घ्या, नाहीतर आधी काचतंतूच्या फिल्टरमधून एकदा गाळा, मात्र ब्लँकही त्याच वाटेने न्या. पैसे जातात, हे मालकाला पटवणं वेगळं कौशल्य.

जिवाणूंसाठी फिल्टर तोच ०.४५ चा, पण हेतू उलटा: इथे खाली गेलेलं पाणी फेकायचं आणि वर अडकलेलं वाढवायचं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलि पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये, म्हणून १०० मिलि गाळतात. नदीचं पाणी तेवढं गाळलं तर वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती (ठिपके) एकमेकींत मिसळून मोजता येणार नाहीत. १ मिलि पुरेसं, आणि ते निर्जंतुक पाण्यात मिसळून ओता, म्हणजे वसाहती एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत.

मुलाखतीला जाताना एवढं तयार ठेवा. 'सॅम्पल कसं गाळाल?' असं विचारलं, तर मायक्रॉनचा आकडा सांगायची घाई करू नका. आधी उलट विचारा: डिझॉल्व्ड हवंय की टोटल?